यंत्र येते ते माणसांच्या मधोमध

कामाच्या ठिकाणी नवे तंत्रज्ञान ‘स्वीकारले गेले’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या एका शब्दात परस्परांपासून फार वेगळ्या अशा अवस्था दडलेल्या असतात. वरिष्ठांचा हुकूम आहे म्हणून यंत्राला हात लावणे ही एक अवस्था. काम यंत्रावर करायचे, पण जुनी वही टेबलाच्या खणात जपून ठेवायची आणि खरा हिशेब तिच्यातच मांडायचा, ही दुसरी. आणि यंत्राच्या खोडी ओळखून त्यांवर आपले उपाय शोधायचे, ते शेजाऱ्याला दाखवायचे, अडेल तिथे कारागिराच्या हक्काने यंत्रात सुधारणा मागायची, ही तिसरी. व्यवस्थापनाच्या अहवालात या तिन्ही अवस्था एकाच रकान्यात पडतात, कारण यंत्र चालू असल्याची नोंद तिन्ही ठिकाणी सारखीच होते. प्रत्यक्ष कामात मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर असते. या प्रकरणात ‘स्वीकार’ हा शब्द तिसऱ्या अर्थाने वापरला आहे, आणि माणूस पहिल्या अवस्थेतून तिसरीपर्यंत पोहोचतो की मध्येच थांबतो, हे त्याच्या आजूबाजूच्या माणसांवर किती अवलंबून असते, ते येथे पाहावयाचे आहे.

‘कामाच्या ठिकाणची नाती’ म्हटले की डोळ्यांपुढे एकत्र डबा खाणारे सहकारी येतात. ती नाती खरीच, पण या शब्दाचा अर्थ त्याहून व्यापक घ्यावा लागतो. अडले तर कोण कोणाला विचारतो, कोणाची चूक कोण सांभाळून घेतो, कोणाचे काम पुरे होईपर्यंत कोणाला खोळंबावे लागते, आणि ‘साहेब, हे चुकतंय’ असे कोण कोणाला तोंडावर सांगू शकतो, या प्रश्नांच्या उत्तरांतून प्रत्येक खात्यात नात्यांचे एक जाळे विणलेले असते. ते कोणत्याही हुकूमनाम्यात लिहिलेले नसते, तरी रोजचे काम त्याच्याच आधाराने पार पडते, आणि नवे यंत्र येते ते याच जाळ्याच्या मधोमध.

संगणक कार्यालयांत शिरू लागल्यावर या विषयाचा जो अभ्यास झाला, त्याचा भर मात्र व्यक्तीवर होता. अमेरिकन संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘तंत्रज्ञान-स्वीकार प्रतिमान’ दोन जाणिवांवर उभे आहे: या साधनामुळे आपले काम अधिक चांगले होईल ही उपयुक्ततेची जाणीव, आणि ते वापरायला फारसे कष्ट पडणार नाहीत ही सुलभतेची जाणीव. मांडणी सुटसुटीत होती आणि प्रश्नावलीतून मोजता येत होती, म्हणून ती जगभर वापरली गेली. पुढे २००३ मध्ये विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीची आठ प्रतिमाने एकत्र करून चार घटक मांडले, त्यांपैकी एक होता ‘सामाजिक प्रभाव’. ज्यांच्या मताची आपण कदर करतो, त्या माणसांना आपण ही प्रणाली वापरावी असे वाटते, ही भावना म्हणजे सामाजिक प्रभाव. वापर सक्तीचा असेल आणि माणूस नवखा असेल, तेव्हा हा प्रभाव ठळक दिसतो आणि अनुभव वाढत जातो तसा तो ओसरतो, असे त्या अभ्यासात आढळले.

ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. तिच्यात इतर माणसे येतात ती केवळ बाहेरून येणारा दबाव म्हणून. प्रत्यक्षात ‘सोपे’ आणि ‘उपयुक्त’ हे दोन्ही निवाडेच मुळात नात्यांतून घडत असतात. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मान खाली न घालता विचारता येत असेल, तर किचकट प्रणालीही चार दिवसांत सोपी होते. विचारले की ‘एवढंही येत नाही का?’ असा सूर निघत असेल, तर साधे बटणही अवघड वाटते. उपयुक्ततेचेही तसेच आहे, कारण एखादे साधन उपयुक्त आहे याचा अर्थ ते कोणाला तरी उपयुक्त आहे असा असतो, आणि तो ‘कोणी’ आपल्या बाजूचा आहे की आपल्यावर नजर ठेवणारा, हे माणूस आधी पाहतो. शेतीच्या क्षेत्रात हे फार पूर्वीच दिसून आले होते. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या शेतकऱ्यांनी मक्याचे संकरित बियाणे कसे स्वीकारले याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी केलेला अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की बियाण्याची पहिली खबर पुष्कळांना विक्रेत्यांकडून मिळाली होती, पण ते पेरण्याचा निर्णय त्यांनी घेतला तो शेजाऱ्यांच्या शब्दावर.

कारखान्यात ही गोष्ट किती खोलवर जाते, हे समजून घेण्यासाठी अहमदाबादच्या एका विणकाम खात्याइतके दुसरे चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. ही गोष्ट १९५३ सालची; अहमदाबाद हे तेव्हा मुंबई राज्यातलेच शहर होते. साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिल्स या उद्योगाने आपल्या ज्युबिली मिलमध्ये १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसवले होते. मुंबईच्या गिरणगावात मागाला ‘साचा’ आणि विणकामाच्या विभागाला ‘साचाखाते’ म्हणत. येथेही तेच शब्द वापरणे सोयीचे होईल. साचे नवे होते, आणि कामाचे वाटप वेळेची मोजमापे घेऊन शास्त्रशुद्ध रीतीने ठरवलेले होते. तरीही उत्पादन अपेक्षेइतके येत नव्हते आणि सदोष कापडाचे प्रमाण जास्त होते. उद्योगाचे प्रमुख गौतम साराभाई यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस सल्लागार म्हणून अहमदाबादेत आले, आणि त्यांनी यंत्रांकडे पाहण्याच्या आधी यंत्रांभोवतीच्या माणसांकडे पाहिले.

त्या खात्यात २२४ साच्यांवर एका पाळीत २९ माणसे होती आणि त्यांच्या कामांचे १२ प्रकार होते. आठ विणकर तुटलेला धागा जोडून साचा पुन्हा चालू करीत. स्वयंचलित साच्यात धोट्यातली कांडी संपली की दुसरी आपोआप बसते. ज्या चक्राकार साठ्यातून ती येते त्याला बॅटरी म्हणतात, आणि तो साठा भरत राहणारी माणसे पाच होती. एकाच वेळी ताण्याचे अनेक धागे तुटून गुंता झाला तर तो सोडवणारे तिघे वेगळे होते. ताण्याचे सूत संपलेल्या बीमच्या (गुंडाळीच्या) जागी नवे बीम चढवणारे दोघे, तयार कापड उचलून नेणारे दोघे, दुरुस्ती पाहणारे दोन जॉबर आणि त्यांचे दोन मदतनीस. याखेरीज कांडीतले सूत संपत आल्याचे ओळखणाऱ्या रचनेची देखभाल करणारा, तेल घालणारा, झाडणारा, कांड्यांची ने-आण करणारा आणि हवेतल्या ओलाव्याचे यंत्र सांभाळणारा असे एकेक जण.

कागदावर ही वाटणी निर्दोष होती, कारण प्रत्येकाच्या अंगावर नेमका पेलेल एवढाच भार येत होता. पण प्रत्येकाकडे सोपवलेल्या साच्यांची संख्या निराळी होती. एका विणकराकडे २४ किंवा ३२ साचे असत, तर बॅटरी भरणाऱ्याकडे त्याहून अधिक आणि गुंता सोडवणाऱ्याकडे त्याहूनही अधिक. याचा परिणाम काय झाला, हे हिशेब मांडला की लगेच ध्यानात येते. आठ विणकरांमागे बॅटरी भरणारे पाच आणि गुंता सोडवणारे तीन म्हणजे एका विणकराच्या वाट्याला बॅटरीवाला आला पाच-अष्टमांश आणि गुंता सोडवणारा तीन-अष्टमांश. साचा बंद पडून उभा आहे, विणकर मदतीची वाट पाहत आहे आणि मदतीचा माणूस दुसऱ्याच रांगेत दुसऱ्याच विणकराच्या हाकेला ओ देत आहे, हे दृश्य रोजचे होते. ‘आपला’ म्हणता येईल असा कोणीच नव्हता. सगळ्यांचे काम एकमेकांवर अवलंबून होते, पण कोणाचीच कोणाशी बांधीलकी नव्हती. साचे स्वयंचलित झाले होते आणि त्यांच्यामधून फिरणारी माणसे एकेकटी पडली होती. यंत्र चांगले असूनही ते अंगवळणी का पडत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी कामगारांच्या कौशल्यात किंवा वृत्तीत शोधले जाते, आणि तिथेच पहिली चूक होते, हे या २९ माणसांच्या हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

राइस यांनी सुचवलेला बदल साधा होता: ठरावीक साच्यांचा एक गट करावा आणि तो साधारण सात माणसांच्या एका गटाकडे सोपवावा, म्हणजे त्या साच्यांवरचे विणण्यापासून देखभालीपर्यंतचे बरेचसे काम त्यांनी आपापसांत वाटून करावे. कल्पना बोलून दाखवल्यावर ती पर्यवेक्षकांनी आणि कामगारांनी अशी काही उचलून धरली की सल्लागारही चकित झाले. आपल्या गटात कोण असावे हे कामगारांनी स्वतः ठरवले. ही बाब किरकोळ वाटते, पण सगळ्या प्रयोगाचे मर्म तिच्यात आहे, कारण ज्याच्यावर भरवसा आहे असा सोबती निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा प्रत्येक माणूस गटाच्या सगळ्याच साच्यांकडे आपले म्हणून पाहू लागला. बारा कामांच्या बारा ओळखी गळून मोजक्या श्रेणी उरल्या, आणि एकाचे काम दुसऱ्याने करणे हा अपमान किंवा अतिक्रमण न राहता गटाचा रोजचा शिरस्ता झाला.

सुरुवातीला मात्र गाडी अडखळली. नव्या उत्साहात गटांनी साचे थांबू न देण्याचा ध्यास घेतला, तेव्हा उत्पादन वाढले, पण देखभालीची नेहमीची कामे मागे पडून कापडातले दोषही वाढले. गटांचे काम एकमेकांशी जुळत गेले तशी ही घाई ओसरली, आणि स्थिरावल्यानंतरचे चित्र असे होते: साच्यांची कार्यक्षमता, म्हणजे पूर्ण वेळ चालले असते तर जेवढे विणले गेले असते त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष विणलेले, सरासरी ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापडाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. साचे तेच होते, सूत तेच होते आणि माणसेही बहुतांशी तीच होती. मजुरीची रचनाही त्याच सुमारास बदलली होती, त्यामुळे सगळे श्रेय गटाला देता येणार नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच आहे. पण कामगारांनी गट आपणहून उचलून धरले, आपले सोबती आपण निवडले, ही गोष्ट पैशाने स्पष्ट होत नाही.

आणखी एक गोष्ट या प्रयोगाच्या मागे उभी होती. अहमदाबादेत १९१८ चा गिरणी संप आणि १९२० मध्ये स्थापन झालेली मजूर महाजन संघटना यांच्यामुळे गाऱ्हाणी बोलणी करून व लवादामार्फत सोडवण्याची परंपरा रुजलेली होती. मालक उद्या शब्द फिरवील अशी धास्ती मनात असताना कामगाराने आपली जुनी, ठरलेली, हक्काची जागा सोडून गटात मिसळावे, ही अपेक्षा करणेच गैर ठरते. नव्या यंत्रावरचा विश्वास हा पुष्कळदा ते आणणाऱ्यावरच्या विश्वासाचेच दुसरे नाव असते.

मुंबईत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने पुढे आला. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या मुळाशी जी कारणे होती, त्यांत गिरण्यांच्या ‘कार्यक्षमता योजना’ हे एक मोठे कारण होते, ज्यांखाली विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत अशी अपेक्षा केली जाऊ लागली होती. कामगारांनी ही पद्धत ऐकली ती मालकांच्या तोंडून आणि जॉबरमार्फत. गिरण्यांतला जॉबर हा यंत्राची निगा राखणारा होताच, शिवाय माणसे भरती करणारा, अडीनडीला पैसे देणारा आणि नाराज झाला तर काम काढून घेणारा असे त्याचे अनेक अवतार होते, आणि अशा माणसाच्या हातून येणारी कोणतीही सुधारणा कामगार आधी संशयानेच घेत.

मुंबईच्या साचाखात्याने नात्यांची काळी बाजूही दाखवली, आणि ती वगळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. धोट्यातली कांडी बदलल्यावर धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेण्याची रीत होती. एका धोट्याला अनेकांचे तोंड लागणार म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना साचाखात्यात येऊच दिले नाही, आणि जास्त मजुरीचे ते काम त्यांना बंद राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा अन्याय ठामपणे मांडला. धागा आपोआप ओवला जाणारा धोटा अमेरिकेत त्याच्या तीस-पस्तीस वर्षे आधीच नॉर्थ्रॉप मागाबरोबर आलेला होता, म्हणजे तोंड लावण्याची गरजच नाहीशी करणारे तंत्र जगात उपलब्ध होते. ज्या गटात सोबती एकमेकांची निवड करतात, त्या गटाबाहेर कोण ठेवला जातो, हा प्रश्न म्हणून नेहमी विचारावा लागतो. जिव्हाळ्याचा गट आणि बंद दाराचा गट यांच्यात बाहेरून पाहताना फरक दिसत नाही.

राइस अहमदाबादेत जी दृष्टी घेऊन आले, तिचा उगम इंग्लंडच्या कोळसा खाणींत होता. टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेले केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून ‘सामाजिक-तांत्रिक व्यवस्था’ ही संकल्पना पुढे आली. कामाची यंत्रे आणि कामाची माणसे या दोन वेगळ्या व्यवस्था नसून एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत, आणि एक बाजू बदलली की दुसरीही बदलतेच, मग ती कोणी ठरवून बदलो वा न बदलो, असा तिचा आशय. जुन्या पद्धतीत दोन-तीन खाणकामगार मिळून कोळशाच्या थरावर काम करीत. ते एकमेकांना स्वतः निवडत, मजुरीचा करार जोडीने करीत, आणि जोडीदार अपघातात जायबंदी झाला किंवा दगावला तर दुसरा त्याच्या घरच्यांची काळजी घेई, अशीही उदाहरणे होती. कोळसा वाहून नेणारे पट्टे आणि कापण्याची यंत्रे आल्यावर शे-दोनशे मीटर लांबीच्या एकाच तोंडावर चाळीसएक माणसे तीन पाळ्यांत विभागली गेली: एक पाळी कापणार, दुसरी पट्टा पुढे सरकवून वाट मोकळी करणार, तिसरी कोळसा भरणार. आदल्या पाळीने केलेली कसूर पुढच्या पाळीच्या माथी येई, आणि ज्यांची तोंडेही एकमेकांना दिसत नाहीत अशा माणसांत दोषारोप वाढले. अंधारात, डोक्यावरचे छत कधी खाली येईल याचा नेम नसताना काम करणाऱ्या माणसाला सोबत्याचा आधार लागतो. नव्या पद्धतीने नेमका तोच काढून घेतला होता.

यावर उपाय म्हणून यंत्रे परत पाठवण्याची गरज नव्हती, हे पुढे डरहॅमच्या खाणींतल्या तुलनेतून सिद्ध झाले. सारख्याच थरावर, सारख्याच यंत्रांनी काम करणाऱ्या दोन ठिकाणांपैकी एका ठिकाणी कामे पाळीनिहाय तोडलेली होती, तर दुसऱ्या ठिकाणी सगळ्या पाळ्यांतल्या माणसांनी मिळून एकच गट केला होता, ते कामे फिरवून घेत आणि मजुरी एकत्र वाटून घेत. पहिल्या ठिकाणी उत्पादन शक्यतेच्या ७८ टक्के होते, दुसऱ्या ठिकाणी ९५ टक्के. गैरहजेरी पहिल्या ठिकाणी २० टक्के, तर दुसऱ्या ठिकाणी ८ टक्क्यांच्या आसपास.

आतापर्यंतची नाती बरोबरीच्यांमधली होती. वर-खालच्या नात्याचा प्रश्न अधिक नाजूक असतो, आणि तो सर्वांत स्पष्ट दिसतो शस्त्रक्रियागृहात. छातीचे मधले हाड न कापता फासळ्यांमधल्या लहानशा छेदातून हृदयावर शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र १९९० च्या दशकात आले. नेहमीच्या शस्त्रक्रियेत हृदय सर्जनच्या डोळ्यांसमोर उघडे असते आणि महारोहिणी चिमट्याने बंद करता येते. नव्या तंत्रात मांडीच्या रोहिणीतून वर सरकवलेला एक फुगा ते काम करतो, आणि तो जागचा हलला आहे का, हे सर्जनला स्वतः दिसत नाही; ते भूलतज्ज्ञाला सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते, हृदय-फुप्फुस यंत्र चालवणाऱ्याला दाबाच्या आकड्यांवरून कळते, परिचारिकेच्या लक्षात येते. म्हणजे ज्यांनी आजवर केवळ मागितले ते हातात द्यायचे, त्यांनी आता न विचारता बोलायला हवे, आणि ज्याने केवळ हुकूम द्यायचे, त्याने ऐकायला हवे.

एमी एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो यांनी अमेरिकेतल्या १६ रुग्णालयांत हे तंत्र कसे रुजले याचा अभ्यास करून तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. सर्जनची कीर्ती, रुग्णालयाचा लौकिक किंवा खर्चाची तरतूद यांवरून कोणते रुग्णालय हे तंत्र लवकर आत्मसात करील, हे सांगता येत नव्हते. जिथे सर्जनने आपला संच विचारपूर्वक निवडला, पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांनी मिळून सराव केला, आणि ‘हे मला एकट्याला जमणार नाही, तुम्ही बोललात तरच जमेल’ असे त्याने उघडपणे सांगितले, तिथे ते रुजले. जिथे सर्जनला हे आपल्या हातांचे नवे कौशल्य एवढेच वाटले, तिथे परिचारिका जुन्या सवयीने गप्प राहिल्या आणि तंत्र मागे पडले. चूक दाखवली, शंका विचारली किंवा ‘समजले नाही’ म्हटले तर आपला पाणउतारा होणार नाही, या गटातल्या सामाईक खात्रीला एडमंडसन ‘मानसिक सुरक्षितता’ म्हणतात. शिकणे म्हणजे काही काळ सर्वांसमोर अडाणी दिसणे, आणि तसे दिसण्याची मुभा कोण देतो यावर शिकण्याचा वेग ठरतो. वयाने आणि हुद्द्याने मोठ्या असलेल्या माणसांना ती मुभा सर्वांत कमी असते, हे लक्षात घेतले म्हणजे ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्या ‘विरोधा’कडे अधिक सहानुभूतीने पाहता येते.

भारतीय बँकांचा इतिहास या दृष्टीने वाचावा असा आहे. संगणकीकरणाला कर्मचारी संघटनांचा जो विरोध झाला, तो नोकऱ्या जातील या भीतीतून होता, आणि ती भीती खोटी नव्हती. १९८३, १९८७ आणि १९९३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाले, यंत्रे कोठे व किती वापरायची याच्या मर्यादा ठरल्या आणि त्या टप्प्याटप्प्याने सैल होत गेल्या. बाहेरून हा केवळ दिरंगाईचा काळ दिसतो, पण याच काळात यंत्र हे लादलेले न राहता वाटाघाटींतून आलेले ठरले, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

शाखेच्या आत मात्र एक वेगळाच बदल घडत होता. खातेवह्यांच्या काळात जून आणि डिसेंबरअखेर व्याज लावायचे, बेरजा घ्यायच्या आणि ताळा जुळवायचा, यासाठी रात्री उशिरापर्यंत दिवे जळत. काही रुपयांचा फरक राहिला की तो शोधून काढणारा एखादा जुना कारकून प्रत्येक शाखेत असे. कोणत्या खात्यात आकडे उलटे पडले असतील, याचा त्याला वास येई आणि शाखाधिकारीही त्याच्या टेबलापाशी जाऊन उभे राहत. ताळा यंत्र जुळवू लागल्यावर त्याचे कष्ट वाचले खरे, पण त्याच्या टेबलापाशी कोणी येईनासे झाले, आणि उलट त्यालाच काल लागलेल्या मुलाला ‘हा पडदा पुढे कसा न्यायचा?’ असे विचारण्याची पाळी आली. ज्या शाखांत त्या जुन्या माणसाची पारख नव्या कामात वापरली गेली, जुन्या खात्यांतल्या शिल्लक रकमा संगणकात चढवताना त्याचा शब्द अखेरचा मानला गेला, तिथे शिकवणे दोन्ही दिशांनी झाले. इतरत्र ‘आमचं वय झालं आता’ या एका वाक्याआड बरेच दुःख लपून राहिले.

साधन मदतीचे आहे की पाळतीचे, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये उघडपणे विचारला. सरकारने दिलेले मोबाइल जुने झालेले आणि वारंवार बिघडणारे होते, दुरुस्तीचा खर्च सेविकांवर पडत होता, आणि ‘पोषण ट्रॅकर’ या नव्या ॲपमध्ये नोंदी इंग्रजीतून कराव्या लागत होत्या; तेव्हा हजारो सेविकांनी ते मोबाइल परत केले. याला तंत्रज्ञानाला विरोध म्हणणे चूक आहे, कारण त्यांतल्या कित्येक जणी स्वतःच्या फोनवर सराईतपणे व्यवहार करीत होत्या. बालकांची वजने, गरोदर स्त्रियांच्या नोंदी, आहाराचे वाटप हे सारे त्या वर्षानुवर्षे हाताने लिहीत आल्या होत्या. आपल्या भाषेत आणि आपला खर्च कोणी तरी मोजतो आहे या भरवशावर त्यांना ते फोनवर लिहायचे होते. तो भरवसा यंत्राबरोबर पाठवला गेला नव्हता.

नाती एकदा जुळली म्हणजे कायमची जुळली, असेही नसते, आणि हे दाखवून दिले पुन्हा अहमदाबादनेच. १९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचे एरिक मिलर त्याच गिरण्यांत परत गेले आणि राइस यांच्या प्रयोगांचे पुढे काय झाले याची पाहणी त्यांनी केली. गटपद्धत सुरू झालेल्या चार ठिकाणांपैकी तीन ठिकाणी गट विरघळत जाऊन काम पुष्कळसे जुन्या, एकेकट्या माणसांच्या वाटणीकडे परतले होते. बाजारातली मागणी बदलत गेली होती, कच्च्या मालाच्या अडचणी वाढल्या होत्या, आणि बाहेरचे असे धक्के गटांपर्यंत पोहोचू न देण्याचे जे काम पर्यवेक्षकांनी करायचे, त्यात सातत्य राहिले नव्हते. चौथ्या ठिकाणी मात्र सतरा वर्षांनंतरही गट आपले काम आपसांत वाटून घेत होते, आणि त्यांचे उत्पादन जवळपास पहिल्याच पातळीवर टिकून होते.